उसवआंटी आणि चार गुलाबी झगे

उसवआंटी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी शिवणीकडे. समोरचा जीव तोडून बोलत असला तरी हिचे डोळे त्याच्या काखेत नाहीतर कॉलरवर. एकदा बस स्टॉपवर पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईला तिने सरळ विचारलं, "बाय, तुझ्या टेलरचं तुझ्याशी भांडण हाय काय गो?" बाई भडकली. बस आली आणि गेली, तरी दोघी स्टॉपवरच. आंटी तिच्या ब्लाउजची पाठ चिमटीत धरून कुठे काय चुकलंय ते समजावत होती. पुढच्या रविवारी तीच बाई ब्लाउजांनी भरलेली पिशवी घेऊन मरोळच्या गावठाणात आंटीच्या दारात हजर!

बाप्तिस्म्याचं तिचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण गावठाणात कोणाला ते आठवत नसे. ती उसवआंटी. नवीन कपडा तिने कधीच शिवला नाही. दुसऱ्यांनी बिघडवलेलं तेवढं दुरुस्त करायची. हत्यार म्हणजे कै. नवऱ्याचं दाढीचं ब्लेड, उभं मोडलेलं, धरायच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली. ते हातात घेऊन कपड्यासमोर बसली की तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद यायचा, की कपडा आणून देणाऱ्याला आपणच काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटायचं.

"आंटी, एवढी कला हाय तर नवीन का नाय शिवत?" मी एकदा विचारलं. "नवीन शिवलं की लोकं नावं ठेवतात. दुरुस्त केलं की पाया पडतात." दुसऱ्या वेळी विचारलं तर म्हणाली, "मला लोकांच्या चुका बघायला मजा येते गो." माझ्या मते हे दुसरं कारण खरं.

आमचे वडील गिरणीतले. गिरणी बसली, आणि आम्ही परळ सोडून मरोळला आलो. मी तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला लागले. माझ्या शेजारच्या टेबलावर ज्युली बसायची, उसवआंटीची शेजारीण. आमची इतकी गट्टी जमली, की तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने मला फर्मावलं, "तू माझी ब्राइड्समेड व्हायचं. नाय बोललीस तर बघ." मी घरी सांगितलं. आई म्हणाली, "मग सरळ करवली म्हण की! त्यात इंग्रजी कशाक?"

पण या लग्नात एक मेख होती. नवऱ्यामुलाला आई नव्हती. त्याला वाढवलं ते त्याच्या मालाडच्या आंटीने, आणि लग्नानंतर ज्युलीला तिच्याच घरात राहायचं होतं. या मालाडच्या आंटीला आधी ज्युली पसंतच नव्हती. पुष्कळ दिवस धुसफूस चालली. मग एका रविवारी तिने अचानक जाहीर केलं, की ब्राइड्समेडचे चारही झगे ती स्वतःच्या हाताने शिवणार. हाच तिचा होकार होता. ज्युलीने तर आनंदाने मला कारखान्यातच मिठी मारली.

मालाडची आंटी जुन्या पद्धतीची. तिला टेप चालायची नाही. ती मापं दोऱ्याने घ्यायची: छातीला गाठ, कमरेला गाठ, उंचीला गाठ. प्रत्येकीचे दोन दोरे, एक कमरेच्या वरच्या मापांचा आणि एक खालच्या. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात तिने आम्हा चौघींना रांगेत उभं केलं. उंच डोरा, गुबगुबीत लिली, ज्युलीची बुटकी मावसबहीण आणि काडीसारखी मी. सगळे दोरे तिने एकाच बटव्यात कोंबले. वाट तिथेच लागली होती, फक्त आम्हाला ते झगे आल्यावर कळलं.

लग्नाला आठवडा राहिला असताना गुलाबी सॅटिनचे झगे आले. माझा गळ्यातून आत गेला, पण कमरेखाली त्यात अजून दोन मुली मावल्या असत्या. लिलीचा छातीवर अडकला तो तिथेच. तिला हात खाली घेता येईनात. बुटकी मावसबहीण झग्याच्या घेरात उभी राहिली की पाय दिसेनात, आणि डोराचे गुडघे उघडे. टाके तर असे, की कुठे रांगतायत, कुठे उड्या मारतायत. आईने माझा झगा पाहिला आणि विचारलं, "काय गो ह्या? पडद्याचा कापड उरलला काय?" आम्ही हसलो, पण ज्युली रडायला लागली. तिला झग्यांचं दुःख नव्हतं. "हे वाईट झालेत असं मी बोलले, तर ती बाई मला जन्मभर माफ करणार नाय. नाय बोलले, तर चर्चमध्ये लोकं तिला हसणार. मग पण माझ्यावरच येणार."

ज्युलीला पुढे घालून आम्ही चौघी झगे घेऊन उसवआंटीकडे गेलो. तिने ते पलंगावर पसरले, चष्मा वर केला आणि खो खो हसायला लागली. "अगो, हिने काय वाईट कापलं नाय. हिने माणसं मिसळली! वरची लिली, खालची डोरा!" ब्लेड निघालं. चारही झगे कमरेवर उसवले, बाह्या उसवल्या. चार चोळ्या एका बाजूला, चार घागरे दुसऱ्या बाजूला. मग ती आम्हाला एकेक करून समोर उभी करायची आणि भाजीवाली वाटे लावते तसं लावत जायची: "ही चोळी तुझी, हा घागरा तिचा, ह्या बाह्या बुटकीच्या." रंग एकच, कापड एकच. कोणाला कळणार होतं?

सगळं असं विखुरलेलं असताना ज्युलीचा भाऊ धावत आला. मालाडची आंटी गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. ज्युली तिच्या घरी नाही म्हणून इकडेच येतेय.

उसवआंटीने एका क्षणात सगळं सॅटिन पलंगावर गोळा केलं, त्यावर स्वतः आडवी झाली, अंगावर गोधडी ओढली आणि कण्हायला लागली. मे महिना. वर पंखा बंद, कारण वीज गेलेली. मालाडची आंटी आत आली, "अरे देवा, काय झालं हिला?" म्हणत पलंगाशी बसली. ताप आहे म्हटल्यावर तिने पर्समधून बाम काढून कपाळाला चोळला आणि प्रार्थना सुरू केली. बाई धार्मिक होती. एकेका संताचं नाव घेत सावकाश पुढे सरकत होती. खाली टाचण्या, वर गोधडी. उसवआंटी मधूनच "आई गो!" करून कळवळायची. ते खरं होतं, पण मालाडची आंटी त्या प्रत्येक कळेला आणखी एक संत वाढवायची. शेवटी ती उठली, हिच्या गालावरून हात फिरवला आणि गेली. गोधडीखालून उसवआंटी घामाने निथळत बाहेर आली. पहिलं वाक्य: "कुठल्या मेलीने टाचणी उघडी ठेवलीय?"

झगे झाले. अंगाला असे बसले, की डोरा आरशासमोरून हलेना. पण खालची दुमड उसवआंटीने तशीच ठेवली होती, रांगत्या टाक्यांची. मी म्हटलं, "आंटी, ही पण सरळ करा ना." तिने मला झिडकारलं. "ती मालाडवालीची हाय. एवढं रात्रंदिवस बसून शिवलंय तिने. तिचा हात कुठेतरी दिसायला पायजे."

लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये मालाडची आंटी पहिल्या बाकावर. जो तो तिला सांगत होता, झगे काय झकास झालेत! ती मान डोलवत होती. संध्याकाळी मांडवात बँड जोरात, मैद्याच्या तळलेल्या फुग्यांच्या पराती फिरतायत, आणि मालाडची आंटी हातात बशी घेऊन थेट उसवआंटीसमोर येऊन उभी राहिली. मी आणि ज्युली शेजारीच.

"ताप उतरला?"

"उतरला."

"बरं झालं. तापात सॅटिन पांघरतात, मला माहीत नव्हतं. गोधडीतून हातभर बाहेर आलेलं."

ज्युलीने माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठले. मालाडची आंटी खाली वाकली, माझ्या झग्याची दुमड बोटांत धरून बघितली. "ही का नाय उसवलीस?"

"ती तुझी होती," उसवआंटी म्हणाली. "राहू दिली."

मालाडची आंटी खुर्ची ओढून उसवआंटीशेजारी बसली, आपल्या बशीतला फुगा तिच्या बशीत टाकला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी दोरे तू सांभाळ." मग ज्युलीकडे वळून, "आणि तू रडतेस काय? मेकअप जातो."

ज्युलीचा संसार त्या घरात सुखाने चालला, तो त्या एका फुग्यापासून. आणि या दोघींनी तर दुकानच मांडलं म्हणा ना. मालाडची आंटी नवीन शिवायची, उसवआंटी ते उसवायची. रविवारी दोघी ओट्यावर बसून एकमेकींच्या कामाला अशा शिव्या घालायच्या, की चर्चमधून परतणारी माणसं मुद्दाम थांबून ऐकायची. अंधेरी ते मालाड अशी कुठली करवली नटली नसेल, जिच्या झग्यात एकीचे टाके आणि दुसरीचं ब्लेड नव्हतं.

ज्युलीचा मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षी उसवआंटी गेली. अगदी झोपेत. मला कारखान्यात निरोप आला आणि मी तशीच धावले. मालाडच्या आंटीला तोपर्यंत फारसं दिसत नव्हतं, तरी तिने हट्टाने उसवआंटीसाठी पांढरा झगा स्वतः शिवून आणला होता. या वेळी दोरे सांभाळायला कोणी नव्हतं. शवपेटीत आंटी शांत निजलेली, पण डावी बाही इतकी लांब, की हाताची बोटंसुद्धा आत गेलेली.

ज्युली माझ्या कानात म्हणाली, "आंटी हे बघून उठून बसेल गं." मला रडतारडता हसू फुटलं. आंटीच्या शिलाई मशीनच्या खणातून मी ते चिंधी गुंडाळलेलं अर्धं ब्लेड काढलं आणि पेटीशी वाकले. एवढी एक बाही तरी सरळ करून द्यावी, असं वाटलं.

"ब्लेड आणलंस ना?" मालाडच्या आंटीने विचारलं. खण उघडल्याचा आवाज तिने ओळखला होता. "उसवू नको. तिच्याकडेच दे. बाही मी मुद्दाम लांब ठेवलीय. वर जाऊन नुसती बसून काय करणार ती? तिला काहीतरी काम नको?"

मुद्दाम ठेवली होती, की दोरे पुन्हा मिसळले होते, ते आम्ही कधीच विचारलं नाही. मी ब्लेडची चिंधी नीट घट्ट केली आणि ते त्या लांब बाहीच्या आत, आंटीच्या बोटांपाशी सरकवून दिलं.