शून्यानंतरचे वीस किलोमीटर

या सदरातले अनुभव मी स्टाफरूममध्ये डबा खाताना मोठ्याने वाचून दाखवते, ते हसण्यासाठी. खोटं कशाला बोलू? गोंदियात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, त्यामुळे भूत, करणी, चकवा यातलं काहीच माझ्या पचनी पडत नाही. आज मात्र मीच लिहायला बसले आहे... हसा खुशाल.

माझी इलेक्ट्रिक कार दोन वर्षांची आहे. गोंदियाला लागूनच असलेल्या मुर्रीला, घरीच चार्ज करते. ऐंशी टक्क्यांच्या वर न्यायची नाही, वीसच्या खाली येऊ द्यायची नाही, हा माझा नियम. डिस्प्ले किती किलोमीटर दाखवतो आणि गाडी खरंच किती धावते, हे वहीत लिहून ठेवते. नवरा त्या वहीला 'गाडीची कुंडली' म्हणतो. म्हणू दे. दोन वर्षांत दोन्ही आकड्यांत पाच-सात किलोमीटरच्या वर फरक पडला नव्हता.

यंदा मे महिन्यात माहेरी, केशोरीला गेले. तिथे बाबा, दादा आणि शारदावहिनी. वहिनी लग्नानंतर नर्सिंग शिकली, पण सरकारी नोकरीचे फॉर्म भरायला लागली तसं बाबांचं बिनसलं. "घरची सून गावोगाव सुया टोचत फिरन काय?" एवढं एकदा बोलले आणि मग सहा वर्षं त्या विषयावर चकार शब्द नाही. फॉर्म दिसला की उठून जायचे. फार राग यायचा मला.

बाबा तसे शंकरपटातले, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीतले नावाजलेले. बैलाच्या खांद्यावर हात ठेवून 'याच्यात दम किती' ते सांगायचे, आणि लोक ते मानायचे. बैलाचं मी समजू शकते. श्वास असतो, नाडी असते, काहीतरी हाताला लागतच असेल.

तर झालं असं की दोन दिवस पोरांना नवेगावचं तळं दाखवण्यात बॅटरी वीसवर आली. संध्याकाळी चार्जिंगला लावली, तासाभरात वादळ आलं, वीज गेली आणि मोबाइलचं नेटवर्कही गेलं. बॅटरी एकोणतीस टक्क्यांवर अडकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला नेटवर्क आलं, वीज नाहीच, आणि वहिनीच्या फोनवर मेसेज पडला. निवड यादीत नाव लागलं होतं. कागदपत्रं घेऊन गोंदियाच्या कचेरीत हजर व्हायचं होतं, आजच, पाचच्या आत. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची भरती होती. ती नुसती उभी राहिली, फोन हातात धरून.

दादा मोटरसायकल घेऊन अर्जुनीला गेलेला. गावातल्या दोन्ही जीप लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेल्या. गोंदिया ऐंशीच्या वर किलोमीटर, आणि माझा डिस्प्ले म्हणतो अठ्ठावन्न.

"गोरेगावपर्यंत नेते, पुढे काहीतरी वाहन पाहू," मी म्हणाले.

बाबा ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. उठले, गाडीजवळ आले आणि बोनेटवर तळहात ठेवून डोळे मिटले. मला हसू आवरेना.

"जाते," ते म्हणाले. "कचेरीच्या फाटकापावतर जाते. आत नाही जात. मंधात कोठी उतरू नोका."

"बाबा, हा बैल नाही."

"मले दिसून रायलं न ते. निंगा आता."

निघालो. एसी बंद, काचा बंद, मे महिन्याचं ऊन, स्पीड पन्नास. आम्ही दोघी अक्षरशः उकडून निघालो. वहिनीने फाइल छातीशी धरलेली.

"ताई, थोडासा एसी लावला त काय होते?"

"सहा किलोमीटर कमी होतात."

"मंग राहू द्या."

कोहमाऱ्यापर्यंत आकडे अगदी वहीबरहुकूम उतरत होते. गोरेगावात शिरताना शून्य झालं. समोर गोंदियाची बस उभी. कंडक्टर म्हणाला, दहा मिनिटांत सोडतो. हिशेब केला, तर बस पाचच्या आसपास स्टँडवर, तिथून पुढे कचेरी. जमलं तर जमलं. पण गाडी मध्येच बंद पडली तर तेवढीही आशा नाही.

"वहिनी, उतर. बस पकड."

"बाबा म्हनाले उतरू नोका."

"अगं, शून्य आहे!"

"मी नाही उतरत."

का, ते तिने सांगितलं नाही. मी चिडून गाडी काढली.

आता तुमच्यातले जाणकार म्हणतील, शून्यानंतरही राखीव चार्ज असतो. असतो हो, माहीत आहे मला. माझ्या गाडीत पाच, फार तर सात किलोमीटर. गोरेगाव ते ती कचेरी वीस आहे. सात झाले, दहा झाले, पंधरा झाले... डिस्प्लेवर नुसत्या रेघा, आणि गाडी आपली निवांत धावतेय. मी घाबरून किलोमीटरचे दगड मोजत होते. वहिनी मात्र खिडकीतून धानाची शेतं पाहत होती.

चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी कचेरीच्या फाटकात गाडी थांबली. थांबवली नाही, थांबली. पुढची चाकं बरोबर फाटकाच्या रेषेवर.

"मॅडम, गाडी आगे लो," चौकीदार म्हणाला.

"नहीं जाएगी भैया," म्हणून मी स्टीअरिंगवर डोकं ठेवून हसत सुटले. वहिनी तोवर जिना चढून गेली होती.

सर्व्हिस सेंटरला तपासणी झाली. बॅटरी ठीक, सेन्सर ठीक. मेकॅनिक माझ्याकडेच संशयाने पाहायला लागला. मग मीच प्रयोग केले. डिस्प्लेवर टॉवेल टाकायचा, बाबांना हात ठेवून किती किलोमीटर जाईल ते सांगायला लावायचं, गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. आठ वेळा केलं. आठही वेळा माझा आकडा थोडा चुकला, गाडीचा थोडा चुकला, बाबांचा नाही. "कसं कळतं?" विचारलं तर म्हणतात, "तुले काऊन नाही समजत?" मी एमएस्सी आहे हो!

वहिनीला नोकरी लागली. आरोग्य केंद्र बरंच लांब आहे, रोज इलेक्ट्रिक स्कूटीने जाते. मागच्या सुट्टीत गेले तेव्हा सकाळी पाहिलं. स्कूटीवर शंभर टक्के स्वच्छ दिसतायत, हिचं हेल्मेट घालून झालंय, आणि ही अंगणात थांबलेली. बाबा सावकाश आले, सीटवर हात ठेवला, म्हणाले, "जाय." मग ती गेली.

संध्याकाळी मी विचारलं, "वहिनी, शंभर टक्के दिसत असताना थांबतेस कशाला?"

भाजी निवडता निवडता म्हणाली, "सा वर्सं त्यायनं जाय म्हटलं नाही ताई. त्या दिवशी पयल्यांदा म्हटलं. आता रोज म्हनतेत. आयकून मंग निंगतो मी."

वहीत त्या वीस किलोमीटरची ओळ आजही कोरीच आहे. गाडी कशी पोचली, हे वहिनीने कधी विचारलंही नाही.