मयताला आवतण

कौमुदीने सरकारी कार्यालयातली चांगली नोकरी सोडली आणि पुन्हा कॉलेजात नाव घातलं, तेव्हा रायपुरातल्या आमच्या चौबे कॉलनीतल्या निम्म्या मराठी घरांनी तिच्या वडिलांची कीव केली. आमच्या लोकांचे आजे-पणजे विदर्भातून इकडे आले ते नोकरीसाठी. तेव्हापासून नोकरी आपली आणि धंदा सदर बाजारातल्या शेटजींचा, अशी वाटणीच ठरलेली. त्यात ही मुलगी पदवीनंतर शिकायला गेली ती उद्योजकता आणि नवनिर्मिती. हे शिकून पुढे कुठे लागतात, हे कोणालाच सांगता येईना. भास्कररावांना विचारलं की ते एवढंच म्हणत, "शिकून राहिली पोट्टी. शिकू द्या."

भास्करराव म्हणजे तिचे वडील, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. शाळेत मास्तरीण होते आणि तोंडाने फटकळ आहे, हे मीच सांगून टाकते. भास्कररावांशी मात्र मी कधी वाकडं बोलले नाही. कॉलनीत कोणाकडे मयत झालं की हा माणूस सगळ्यांच्या आधी दारात. मयताला आवतण नसतं, ही आमची जुनी रीत. कानावर पडलं की पायात चपला सरकवायच्या आणि निघायचं. ते पंडरीच्या कापडबाजारातून कोरं कापड आणत, बांबू मिळवत, तिरडी बांधत, खांदा देत, आणि परतताना "येतो" असं म्हणत नसत. कौमुदी लहान असताना तिची आई गेली, तेव्हा हीच कॉलनी त्यांच्या घरात भरली होती. पोरीला रडायला कोणाची तरी मांडी हवी होती, आणि त्या दिवशी तिला मांड्यांची कमी पडली नाही.

कॉलेज नव्या रायपुरात. पहिल्याच सत्रात तिच्या सरांनी सांगितलं, शहरात फिरा आणि लोक मुकाट्याने सोसतात असं एखादं दुखणं शोधून आणा. वर्गातल्या मुलांनी सदर बाजारातलं पार्किंग घेतलं, कोणी डबे घेतले. कौमुदी महिनाभर रिकाम्या हाताने घरी येत होती. मग एके दिवशी भास्कररावांना अमरावतीच्या एका नातलगाचा फोन आला. नव्या रायपुरातल्या एका उंच इमारतीत अर्जुन नावाचा तरुण अधिकारी राहत होता. मूळचा अमरावतीचा, इथे बदलून आलेला. त्याची आई वारली होती आणि त्याला शहरात कोणी ओळखीचं नव्हतं.

कौमुदीने वडिलांना स्कूटीवर बसवून नेलं. मजल्यावरची सगळी दारं बंद होती आणि अर्जुन आईशेजारी उभा राहून मोबाइलवर विधी शोधत होता. भास्कररावांनी इमारतीच्या रखवालदारांना हाताशी घेतलं आणि सगळं नीट पार पाडलं. घाटावरून निघताना अर्जुनने हात जोडून विचारलं, "काका, तुमचं किती झालं?"

भास्कररावांचा चेहरा पडला. घरी आल्यावर पायांवर पाणी घेता घेता ते मला म्हणाले, "माह्या हाताची किंमत आजवर कोणी विचारली नव्हती, बाई."

कौमुदी तिथेच उभी होती. ती म्हणाली, "बाबा, त्याने अपमान नाही केला. त्याले उपकार सहन होत नाही. पैसे देता आले असते तर तो मोकळा झाला असता."

पोरगी खोटं बोलत नव्हती. आणि तिला तिचं दुखणं सापडलं होतं.

त्यातून तिची 'सोबत' उभी राहिली. एक फोन करायचा, पैसे भरायचे, की राखाडी सदऱ्यातली चार माणसं गाडी घेऊन हजर. कापड, बांबू, मडकं, गोवऱ्या, भटजी, सगळं त्यांच्याकडे. त्या माणसांचा म्होरक्या हिरालाल, खारून नदीकाठच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहणारा. त्याला तिरडी बांधायला शिकवली ती भास्कररावांनीच, स्वतःच्या अंगणात बसून. मुलीचं काम आहे म्हटल्यावर त्यांनी हात आखडला नाही.

वर्षाच्या शेवटी कॉलेजात परीक्षकांसमोर सगळ्यांनी आपापला उद्योग मांडला. भास्करराव इस्त्रीचा सदरा घालून गेले, मलाही नेलं. कौमुदी छान बोलली. शेवटी एका परीक्षकाने विचारलं, "तुमचा कॉम्पिटिटर कोण?"

"कोणीच नाही, सर," कौमुदी म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला पहिलं बक्षीस मिळालं.

परतताना रिक्षात भास्कररावांनी विचारलं, "कॉम्पिटिटर म्हणजे काय वं?"

"आपण जे काम करतो, तेच काम करणारा दुसरा माणूस," तिने सांगितलं.

"हव," ते म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

पुढच्या वर्षभरात आमच्या कॉलनीतही 'सोबत'ची गाडी यायला लागली. सोय होती, ती कोणाला नको असते? मयत झालं की घरचे लोक कौमुदीला फोन करत आणि इतरांना मोबाइलवर वेळ कळवत. लोक आंघोळ, नाश्ता उरकून त्या वेळेला येत, हात जोडत, ऑफिसला जात. आयतं मिळालं की हातपाय कोण हलवतो. भास्करराव मात्र आधीसारखेच पहिले पोचायचे. घरातलं कोणीतरी त्यांना खुर्ची द्यायचं. "काका, तुम्ही बसा ना, माणसं आहेत." ते थोडा वेळ बसायचे आणि परत यायचे. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर वैद्य दारात उभा होता आणि त्याला खुर्ची देत होते. मला फार राग यायचा. त्यांना यायचा का, ते कधी बोलले नाहीत.

हिवाळ्यात त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. एका दुपारी मी खाली बसले असताना त्यांनी कौमुदीला जवळ बोलावलं. "माह्या टायमाले तुझी गाडी नको बोलावू. राखाडी सदरेही नको. ज्या लोकाईले मी खांदा दिला, त्यांच्या घरच्या खांद्यावर मले जाऊ दे."

"काहून असं बोलून राहिले बाबा?" ती चिडली. पण त्यांनी हात सोडला नाही, तेव्हा तिने कबूल केलं. तसा शब्दच दिला.

ते गेले सकाळी, चहा घेतल्यावर. कौमुदीची हाक ऐकून मी धावत खाली गेले. आम्ही दोघींनी त्यांना खाली घेतलं, तोंडात गंगाजल घातलं, दिवा लावला. मग आम्ही वाट बघत बसलो. बातमी तर पसरली होती. मोबाइलवर कॉलनीच्या ग्रुपमध्ये जोडलेले हात एकाखाली एक येत होते. फाटक मात्र वाजलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि मनातल्या मनात एकेका घराला शिव्या घातल्या.

बऱ्याच वेळाने समोरचा गंगाधर आला. डोक्यावर हेल्मेट, हातात डबा. त्याचे वडील गेले तेव्हा भास्करराव ताप अंगावर घेऊन घाटापर्यंत गेले होते. तो फाटकाशी थांबून हळू आवाजात म्हणाला, "फार वाईट झालं, कौमुदी. तुझी माणसं किती वाजता येऊन राहिली? त्या हिशोबाने मी हाफ डे टाकतो."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच जास्त लागलं. कौमुदी त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिला काय कळलं ते मला तिच्या तोंडावर दिसलं. तिच्या हातात मोबाइल होता. एक फोन केला असता तर हिरालाल गाडी घेऊन आला असता. तिने मोबाइल बापाच्या उशाशी ठेवला आणि उठली.

"माझी माणसं येणार नाही, गंगाधरकाका," ती म्हणाली. "तुम्ही या."

गंगाधरने हेल्मेट काढलं. ती त्याच्याजवळून बाहेर पडली, अनवाणीच. मी तिच्या मागे गेले. मयताला आवतण नसतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी गप्प राहिले. ती एकेका दाराची घंटा वाजवत होती आणि प्रत्येक दारात तेच सांगत होती. "बाबा गेले. माणसं पाहिजेत. या." बापाचं मयत घरात आणि मुलगी दारोदार आवतण देत फिरते, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या घरात निरंजन नावाचा तरुण मुलगा दारात आला. आमची नवी पिढी मराठी समजते, बोलते हिंदीत. तो गोंधळून म्हणाला, "दीदी, मुझे तो कुछ आता नहीं।"

"मलेही नाही येत," कौमुदी म्हणाली. "तू ये फक्त."

आम्ही परतलो तेव्हा अंगणात लोक होते. कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. बांबू आले, पण गाठ कशी मारायची ते कोणालाच आठवेना, कारण गाठी नेहमी भास्करराव मारायचे. तेवढ्यात हिरालाल आला. अंगात साधा, घरचा सदरा.

"हिरालाल भैया, आज गाडी नाही बोलावली," कौमुदी म्हणाली.

"काम पे नहीं आया हूँ, दीदी," तो म्हणाला. मग तो आपल्या छत्तीसगढी बोलीत गेला. "काका मोर दाई ला कांधा देहे रिहिन।"

त्याच्या आईला भास्कररावांनी खांदा दिला होता, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही सगळे रडलो. हिरालाल खाली बसला, दोरीचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं निरंजनच्या हातात दिलं. गल्लीच्या टोकापर्यंत खांदे बदलत भास्करराव गेले, पुढे घाटापर्यंत गंगाधरच्या मेव्हण्याच्या मेटाडोरमधून. कौमुदीने शब्द पाळला.

उन्हाळ्यात तिची शेवटची परीक्षा झाली. भास्कररावांच्या जागी मी जाऊन बसले. तिने 'सोबत' बंद केली नव्हती. अर्जुनसारखे लोक या शहरात रोज नवे येतात, त्यांना कोण आहे? पण पद्धत बदलली होती. आता फोन आला की ती आधी स्वतः जाते आणि त्या घराच्या आजूबाजूची दारं ठोठावते. शेजारी आले तर तिची माणसं फक्त सामान ठेवून बाजूला उभी राहतात. परीक्षकांना हे पसंत पडलं नाही. एक जण म्हणाले, अशाने धंदा वाढणार नाही. ती म्हणाली, मला माहीत आहे.

मग गेल्या वर्षीच्याच परीक्षकांनी कागद चाळत विचारलं, "तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, कॉम्पिटिटर कोणीच नाही. अजूनही तेच उत्तर आहे?"

कौमुदीने एकदा माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"होते, सर," ती म्हणाली. "माझ्या घरातच राहायचे."