जोंगाच्या पोटाखालचा दिवा

जोंगा म्हणजे लष्करातली जुनी, दणकट जीप. लिलावात सुटलेली एक जोंगा देवळालीकडच्या भंगारवाल्याकडे दिसली आणि मी ती घेऊन टाकली. टेम्पोवरून उतरवताना नवऱ्याने विचारलं, "ही चालते, की नुसती बघायची?"

तेव्हा ती चालत नव्हती. मी कॉलेजात फिजिक्स शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते, वेळ भरपूर होता. काही सुटे भाग मालेगावच्या जुन्या बाजारात मिळाले, इंजिन आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने बांधून दिलं. लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही, म्हणून तो मीच खरवडायला घेतला. हिरव्याखाली वाळूचा रंग निघाला, त्याखाली पुन्हा हिरवा. म्हणजे ही वाळवंटात होती! कुठल्या? मिस्त्री म्हणाला, "मॅडम, रंग काढताय की तपास करताय?"

खरं छळलं ते दिव्यांच्या बटणाने. ते शेवटच्या खाचेवर नेलं की सगळे दिवे विझायचे. तारेचा माग काढत मी गाडीखाली सरपटले. मागच्या आसाच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी गोळा होता, पांढरा रंगवलेला, आणि त्याच्यावर रोखलेला एक इवलासा दिवा. बल्ब बदलल्यावर तो लागला. पण तिथे उजेड कोणासाठी?

गाडी राखाडी होऊन रस्त्यावर आली तेव्हा आम्ही दोघं वणीला निघालो. वाटेत चहाला थांबलो, तर वडापच्या जीपची वाट बघत बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठून जवळ आले. मागे त्यांची बायको, हातात पिशवी.

"जोंगा ना ही?"

"हो. रंग बदललाय, तरी ओळखलीत?"

"आवाजावरनं. फौजेत डायवर होतो मी. लय वर्सं हीच चालवली."

मी नाव-गाव विचारायच्या आधी पांढऱ्या गोळ्याबद्दल विचारलं. ते हसले. "रातच्याला दिवे बंद करून गाड्या एकामागं एक निघायच्या. वरनं दुश्मनाच्या इमानाला काय दिसलं नाय पायजे. मागच्या डायवरला पुढच्या गाडीचा तेवढा गोळा दिसायचा. तो दिसतोय तवर रस्ता हाय."

"मला कधी सांगितलं नाय हे," बायको म्हणाली.

"तू कधी इचारलं?"

"काय इचारू? सुट्टीला यष्टीनं यायचे. गाडी चालवताना मी तुमाला बघितलंच कुठं?"

मी किल्ली आजोबांपुढे केली. त्यांची वस्ती जवळच होती, कच्च्या रस्त्याने. माझा नवरा मागे जाऊन बसला, मीही बसले. आजी पुढे, दांडी घट्ट धरून. रस्त्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, त्या आजोबांच्या हातांकडे बघत होत्या. आधी म्हणाल्या, "हळू." मग थोड्या वेळाने, "जरा पळवा की."

वस्तीपाशी आजोबांनी इंजिन बंद केलं. आजी उतरल्या नाहीत.

"तवा भ्या वाटायचं का तुमाला?"

त्यांनी किल्ली काढून मागे माझ्या हातात दिली. "वाटायचं," म्हणाले.

मग दोघं उतरली. चहाला थांबा म्हणाली, पण आम्हाला वणी गाठायची होती. घराकडे चालताना आजी त्यांना आणखी काहीतरी विचारत होत्या. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही.