पॅकिंग हॉलचा दत्ता

दत्ता गेल्याची बातमी मला इओनेलाने फोनवर सांगितली. इओनेला आमच्या गोदामातल्या पॅकिंग हॉलमध्ये काम करते, रुमेनियाची आहे. सकाळच्या पाळीला येताना बसथांब्यावरच दत्ताचं हृदय बंद पडलं होतं. ती रडत होती, आणि माझ्या मनात पहिला विचार आला, माझ्यासाठी या हॉलमधलं कुणी रडेल का? सहा आठवडे झाले. तो विचार अजून खुपतो, म्हणून आधी तोच लिहून टाकतो.

दत्ता आणि मी तालुक्याच्या एकाच शाळेतले. त्याची आई विड्या वळायची, माझे वडील शाळेत शिपाई. दोघांच्याही घरातली पहिली पदवी आमचीच. जर्मनीत शिकताना शनिवार-रविवार आम्ही र्युसेल्सहाइमजवळच्या याच गोदामात खोकी भरायचो. शिक्षण संपल्यावर इथेच नोकरी मिळाली. मला वरच्या मजल्यावर सॉफ्टवेअरमध्ये, त्याला खाली पाळ्या लावायला. वडील फोनवर म्हणाले, "खुर्ची मिळाली ना, आता जपून बस." मी जपून बसलो. त्या खुर्चीबद्दल आजही कृतज्ञ आहे.

दत्ता मात्र जेवायला कायम पॅकिंगवाल्यांच्या टेबलावर. रुमेनियन, तुर्की, सीरियन... कुणाला जर्मनीत राहण्याच्या परवान्याचं पत्र वाचून दे, कुणाच्या घरमालकाला फोन कर. तो आला की माणसं सरकून जागा करायची. फार काय, माझी मुलगी मला जर्मनमध्ये उत्तर देते. दत्ताकाकाशी मात्र मराठीत भांडायची. तो येऊन गेला की मी दोन दिवस घुम्यासारखा असायचो.

हॉलमधल्या स्कॅनरचा प्रोग्राम माझा. ठरावीक मिनिटं खोकं स्कॅन झालं नाही, की कामगाराच्या नावापुढे लाल खूण. साठीला आलेल्या इओनेलाला मधुमेह. तिला सारखं टॉयलेटला जावं लागे. तिच्या नावापुढे लाल खुणांची रांग लागली.

"विज्या, तुझं ते घड्याळ बंद कर," दत्ता म्हणाला.

"वरून आलंय ते."

"मग तू कुठे बसतोस रे?"

नंतर त्याने बेट्रीब्सराटची, म्हणजे कामगारांनी निवडलेल्या समितीची, मागणी लावून धरली. अशी समिती असली की तिच्या संमतीशिवाय असलं घड्याळ लावता येत नाही. तो सह्या गोळा करू लागला.

"समाजवादी झालास की काय?" मी टोमणा मारला.

"मुकादम आईच्या चांगल्या विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा ना, तेव्हाच झालो. त्याला काय म्हणतात ते इथे कळलं, एवढंच."

मी सही केली नाही. व्हिसाचं कारण सांगितलं. खरं तर कायम राहण्याचा परवाना तेव्हा माझ्या हातात होता. पहिली सही त्याची होती आणि सगळा हॉल त्याच्या मागे उभा होता, ते मला बघवत नव्हतं. त्याला परवान्याचं माहीत होतं. पेढे त्यानेच वाटले होते. तरी तो नुसतं "बरं" म्हणाला...

गेल्या आठवड्यात मी जेवणाच्या सुट्टीत खाली गेलो आणि इओनेलाकडे तो कागद मागितला. तिने तो घडी घालून जॅकेटच्या आतल्या खिशात जपला होता. दोन्ही बाजू सह्यांनी भरलेल्या. फक्त दत्ताच्या सहीखालची एक ओळ कोरी, तिच्या टोकाला पेन्सिलीने देवनागरीत काहीतरी लिहिलेलं.

"ही ओळ त्याने कुणाला भरू दिली नाही," ती म्हणाली. "आम्हाला वाचता येत नाही. काय आहे ते?"

"माझं नाव," मी म्हणालो, आणि तिच्याकडे पेन मागितलं.