शेवटच्या बांधीपर्यंत पाणी

नागपुरात डोरोथीला जो तो देवळं आणि किल्ले दाखवत होता. ती अमेरिकेतली कृष्णवर्णीय शिक्षिका, वर्षभरासाठी आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलेली. एकदा चहा घेताना म्हणाली, "मला कुणाचं तरी स्वतःचं शेत दाखव." आमच्या शाळेतल्या सुमनताईंची मोठी बहीण यशोदाबाई आसगावला असते. तिच्याकडे जायचं ठरलं.

सकाळच्या पॅसेंजरनं वरठीला उतरलो. कामावर निघालेल्या सायकलींच्या गर्दीतून वाट काढत भंडाऱ्याला आणि तिथून पवनीची एसटी. तुम्ही जाणार असाल तर बाजाराचा दिवस टाळा. आम्ही कोंबड्यांच्या टोपल्यांशेजारी उभ्यानं गेलो. रस्ता खड्ड्यांचा, पण दोन्हीकडे फुलोऱ्यातलं धान होतं, त्यामुळे तक्रार करवेना. तिकिटं अगदी स्वस्त.

यशोदाबाईनं गरम भात, लाखोरीचं वरण आणि तळ्यातले मासे वाढले. जेवताना तिचं लक्ष सारखं दाराकडे. सरकारी वाटपात तिला मिळालेली बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, तलावाच्या पाण्याच्या अगदी शेवटी होती. दाणा भरायच्या वेळेला एक पाणी हवं होतं. ते मिळालं तर पीक हाती येणार आणि मुलगी भंडाऱ्याच्या कॉलेजात जाणार.

हात धुऊन आम्ही तिच्यामागून निघालो. वरच्या बांधीचे गोविंदराव धुऱ्यावर, म्हणजे दोन बांध्यांमधल्या बांधावर, उकिडवे बसले होते.

"भाऊजी, तुमच्या बांधीत बदकं पोहून राहिले. आता तरी सोडा ना."

ते हसले. "माही भरू दे, मंग सोडतो. आधी वरचं, मंग खालचं. बापजाद्याची रीत हाये."

"तलावाची पाळ बांधाले माती माह्या आज्यानं वायली. तुमच्या आज्याले वावर भेटलं, माह्या आज्याले पायलीभर धान."

"थे खरं हाये," गोविंदराव खाली बघत म्हणाले. "पन मी एकटा कसा रीत मोडू?"

मी डोरोथीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिचे पणजोबा गुलामीतून सुटले, पण जमीन मालकाकडेच राहिली. ते त्याच शेतात वाट्यानं राबत राहिले. वडील शहरात कारखान्यात लागले. बरोबरीच्या गोऱ्या कामगारांना घरासाठी कर्ज मिळालं. काळ्यांच्या वस्तीला बँक कर्ज देत नसे. "गोऱ्यांची मुलं ती घरं विकून शिकली. आम्ही अजून भाडं भरतो."

हे मी यशोदाबाईला मराठीत सांगितलं. तिनं डोरोथीचा हात धरला. "म्हंजे बाई, तुमच्या तिकडं बी वरची बांधी हायेच."

ऊन उतरताना गोविंदरावांनी कुदळ उचलली आणि धुरा फोडला. यशोदाबाई अनवाणी पाण्याबरोबर चालत गेली. अर्धी बांधी ओली झाली तोवर तलावाचं दार बंद करायची वेळ झाली. उद्यापासून दुसऱ्या बाजूच्या शेतांची पाळी.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. गाडीत डोरोथी एवढंच म्हणाली, "माणूस वाईट नाही. म्हणूनच जड जातं."

यशोदाबाईचं एक वर्ष, अर्धी बांधी कोरडी. ऐकायला फार नाही वाटत. पण आज्यापासूनची सगळी वर्षं एकावर एक रचली, की गोविंदरावांचे दोन मुलगे नागपुरात वकिली का शिकतात ते कळतं, आणि कुणी कुणाचं चोरलं असंही म्हणता येत नाही.

कापणीनंतर सुमनताईंना विचारलं. अर्ध्या बांधीत दाणा भरला, अर्ध्यात नुसती फोलपटं. मुलीच्या कॉलेजचं काय, म्हटलं.

"अक्का म्हणते, औंदा राहू दे. पुढच्या साली पाहू."