सीलबंद साहेबांची पेन्सिल

साळवी साहेब ओळखीच्या माणसालाही त्याचं नाव विचारत. एरवी नाही, फक्त नवे कुलगुरू निवडायचे दिवस आले की. जाहिरात निघाली, अर्ज यायला लागले, की आमच्या विद्यापीठातल्या कोपऱ्याच्या खोलीत ते खिडकीशी बसत आणि समोर कोणीही येवो, अगदी कालपर्यंत त्यांच्या शेजारी बसून जेवणारा विभागप्रमुख का असेना, मान वर न करता म्हणत, "आपलं नाव?" लोक आधी हसत, मग चिडत, आणि शेवटी निमूट नाव सांगत. पाठीमागे आम्ही त्यांना 'सीलबंद साहेब' म्हणायचो. हे नाव मीच ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली लिपिक होते, विठ्ठलवाडीहून यायचे. कुलगुरू म्हणजे वरून कुणाची तरी चिठ्ठी येते आणि नेमणूक होते, अशी माझी पक्की समजूत. तसं मी बोलूनही दाखवलं. साहेबांनी रागावण्याऐवजी मला समोर बसवून सगळी रीत समजावली. शोध समिती अर्जांची छाननी करते, निवडक लोकांना मुलाखतीला बोलावते आणि त्यातली पाच नावं कुलपतींकडे पाठवते. तीही अकारविल्हे, म्हणजे कोण सरस आणि कोण कमी याचा सुगावाही लागायला नको. त्या पाकिटावर लाख साहेब स्वतः लावत. लावता लावता म्हणाले, "चिठ्ठी यायची तर येईल, सुनीताबाई. आपल्या खिडकीतून आत येता कामा नये, एवढंच आपल्या हातात."

त्या तीन-चार महिन्यांत ते एकटे पडत, आणि आपण होऊन पडत. चहा घरून थर्मासमध्ये आणायचा, डबा खोलीतच उघडायचा, लग्नकार्याला जायचं नाही, संध्याकाळी फोन बंद. मी एकदा पुरणपोळी पुढे केली तर म्हणाले, "तुमच्या हातची नको असं नाही हो. पण आज तुमची खाल्ली तर उद्या दुसऱ्याची कशी नाकारू?" मला भयंकर राग आला होता. पोळ्या मी त्यांच्या देखत शिपायाला दिल्या.

तशी त्यांना माणसं होतीच किती? बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. डोंबिवलीत त्यांच्या दारासमोरच नाईक सरांचं दार होतं, आणि साहेबांचा प्रत्येक रविवार त्या दारापलीकडे जाई. नाईक सर रसायनशास्त्राचे प्राध्यापक, मोठे विद्वान, आणि कागदपत्रांत तितकेच अडाणी. पासपोर्ट असो, बँकेचा फॉर्म असो, सगळं रविवारी साहेबांपुढे येई. साहेब चष्मा कपाळावर चढवून पानं वाचत आणि जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीकशी खूण करत. नाईक सर खुणा शोधत सह्या ठोकत सुटायचे. वीस वर्षं हेच चाललेलं. साहेब कौतुकाने सांगत, "याला अख्खं रसायनशास्त्र पाठ आहे, पण सही कुठे करायची ते मीच सांगायचं."

त्या वर्षी नाईक सरांनी कुलगुरूपदासाठी अर्ज करायचं ठरवलं. ते त्या खुर्चीच्या लायक होते, हे मी नव्हे, त्यांचे शत्रूही म्हणत. साहेबांना कळलं त्या रविवारपासून समोरचं दार बंद झालं. काही सांगणं नाही, सवरणं नाही. जिन्यात भेट झाली तरी नुसतं मान हलवून पुढे.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी नाईक सर खिडकीशी आले. हसत होते. साहेबांनी मान वर केली नाही.

"आपलं नाव?"

नाईक सरांचं हसू गेलं. त्यांनी वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. साहेबांनी अर्ज घेतला, पोचपावतीवर पानांची संख्या लिहायची म्हणून पानं मोजायला लागले. मी शेजारीच होते. शेवटच्या पानावर प्रतिज्ञापत्र होतं आणि त्याखाली सही नव्हती. साहेबांचा अंगठा त्या कोऱ्या जागेवर क्षणभर थांबला. मग त्यांनी पावती फाडून दिली. नाईक सर ती घडी करून निघून गेले.

मी म्हटलं, "साहेब, सही राहिलीय. अजून उद्याचा दिवस आहे, हाक मारू?"

"या आठवड्यात आणखी चौघांचं काही ना काही राहिलंय," ते म्हणाले. "त्यांना आपण हाक मारली नाही."

मी उठू शकले असते. बाहेर जाऊन जिन्यात गाठू शकले असते. मी उठले नाही, हेही इथे लिहून ठेवते. त्या दिवशी साहेबांनी डबा उघडला नाही.

छाननीत समितीने अर्ज पहिल्याच बैठकीत बाजूला काढला. पुढे नवे कुलगुरू आले, हारतुरे झाले, आणि साहेब पहिल्या रविवारी समोरच्या दारात गेले. तिथे काय झालं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नाईक सरांनी विचारलं होतं, "तू पाहिलं होतंस?" साहेबांनी खोटं बोलायचं मनातही आणलं नाही. हो म्हणाले. नाईक सर म्हणाले, "अरे साळवी, खूण दिसली नाही म्हणून मी सही केली नाही रे. सवयच तशी लावलीस." आणि दार लावून घेतलं. वर्षभरात ते घोडबंदर रोडला मुलाकडे राहायला गेले. समोरचं दार भाडेकरूंचं झालं.

साहेबांनी त्यानंतर एक टिपणी लिहिली. अर्जात त्रुटी असेल तर ती प्रत्येक अर्जदाराला, एकाच दिवशी, लेखी कळवावी आणि दुरुस्तीला सात दिवस द्यावेत. ही टिपणी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. साहेब निवृत्त झाले, त्यांची खुर्ची माझ्याकडे आली, आणि मागच्या वर्षी ती टिपणी एकदाची मंजूर झाली.

मी मंजुरीची प्रत घेऊन डोंबिवलीला गेले. साहेब फार खंगले होते. प्रत दोनदा वाचली, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं. "मला एकदा त्याच्याकडे न्याल?"

गाडी केली. घोडबंदर रोडच्या गर्दीत दोन तास गेले. साहेब मांडीवर ती प्रत धरून बसले होते, इस्त्रीच्या शर्टात. उंच इमारतीच्या फाटकावर वॉचमनने आम्हाला थांबवलं, वर फोन लावला, आणि बोलणं नीट कळेना म्हणून स्पीकर लावून तो साहेबांच्या हातात दिला.

पलीकडून नाईक सरांचा आवाज आला, "कोण?"

"मी. मी साळवी."

मग तोच आवाज, सावकाश.

"आपलं नाव?"

साहेब ताठ उभे राहिले. त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, अर्जात लिहितात तसं. फोन बंद झाला.

वॉचमन अवघडला. साहेबांनी फोन त्याला परत दिला, वर त्याचे आभारही मानले. ती प्रत वर पोचवायची का, असं मी विचारलं, तर नको म्हणाले. परतीच्या वाटेवर ठाणं मागे पडलं. मला रडू येत होतं आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

मग ते म्हणाले, "आवाज अजून खणखणीत आहे हो त्याचा."

पावसाळा संपता संपता साहेब गेले. मी नाईक सरांना कळवलं. त्यांनी ऐकून घेतलं, कुठे आणि किती वाजता ते विचारलं, पण आले नाहीत.

यंदा पुन्हा शोध समिती बसली आहे. खिडकीशी मी असते, मान वर करत नाही, नाव विचारते. परवा त्रुटींची पत्रं गेली, अकरा जणांना, एकाच दिवशी. प्रत्येकाबरोबर त्याच्या अपुऱ्या पानाची प्रत जोडलेली आहे. ज्यांची सही राहिली होती त्यांच्या पानावर मी, नियमात नसताना, पेन्सिलीने बारीकशी खूण केली.