एटेल नेनीचे संध्याकाळचे हात

हंगेरीतल्या सेगेद शहरातल्या एका प्रयोगशाळेत रोपांना बुरशी लावण्यात एटेल नेनीची, म्हणजे एटेल मावशीची, एकतीस वर्षं गेली होती. द्राक्षांवर येते तीच राखाडी बुरशी. मोहरीच्या जातीच्या इवल्याशा रोपांवर ती कालवलेल्या पाण्याचा थेंब ठेवायचा आणि तीन दिवसांनी डाग मोजायचे. सकाळी थेंब ठेवला की डाग लहान पडतो, संध्याकाळी ठेवला की मोठा, हे तिच्या लक्षात आलं. तिनं नोंदींची वही प्रयोगशाळेच्या साहेबांपुढे ठेवली.

साहेबांनी, म्हणजे डॉक्टर केलेमेननी, ती उघडलीही नाही. "नेनी, संध्याकाळी हात थकतात. थेंब मोठा पडतो. उद्यापासून तुम्ही बशा धुवा."

"हात थकलेत म्हणता आणि काचेच्या बशा देता?" नेनी कडाडली. "मला रोपांसाठी दिव्यांच्या दोन फळ्या द्या. चुकले तर बशाच काय, जिनाही धुईन."

साहेब हसले, पण फळ्या मिळाल्या. एकीवरचे दिवे सकाळी सहाला लागत, दुसरीवरचे संध्याकाळी सहाला, आणि बारा तासांनी विझत. असे दोन आठवडे. मग दोन दिवस दोन्हींकडे अखंड उजेड, म्हणजे सकाळ झाली हे रोपांना सांगायला कोणीच नको. मग साहेबांनी रोपं एकत्र मिसळली आणि कुठलं रोप कुठल्या फळीचं, ते स्वतः लिहून पाकिटात बंद केलं. संध्याकाळी सहा वाजता नेनीनं सगळ्यांवर थेंब ठेवले, त्याच थकलेल्या हातांनी.

तीन दिवसांनी पाकीट फुटलं. ज्या रोपांच्या हिशेबात तेव्हा पहाट होती, त्यांच्यावर टिकलीएवढे डाग. बाकीच्यांची पानं सडलेली. दिवा असो नसो, रोपं आपली वेळ आपणच मोजत होती आणि पहाटेला कंबर कसून तयार राहत होती.

"योगायोग असेल," साहेब पुटपुटले.

"मग पुन्हा करू. या खेपेला थेंब तुम्ही ठेवा."

त्यांनी ठेवले. निकाल तोच.

वसंतात भरल्या सभागृहात साहेब सांगू लागले, "आमच्या असं लक्षात आलं की..."

मागच्या रांगेतून नेनी उठली. "कधी आलं, डॉक्टर? मला बशा धुवायला सांगितलंत त्याआधी, की नंतर?"

सभागृहात हशा पिकला. साहेब कानापर्यंत लाल झाले.

"खाली बसा, नेनी."

"नाव सांगा, बसते."

नाव सांगावंच लागलं. छापील निबंधातही ते आलं, लेखकांच्या यादीत चौथं. नाताळापर्यंत साहेब तिच्याशी बोलले नाहीत. नेनी मात्र रोज समोरून जाताना मोठ्यानं म्हणायची, "सुप्रभात, डॉक्टर!"